धुव्याचं गोश्त आणि शहाबादी फरशी

सगळ्याला कारण झाली ती चीजची तार.

ईदच्या आधी निजामोद्दीन मोजणीदार आणि त्यांची बायको अख्तरी लातूरला भाच्याकडं गेले होते. भाचा जुबेर. त्यानं तिथं कॉलेजच्या पोरांसाठी कॅफे काढलाय, म्हणजे उंच स्टुलं, मंद दिवे आणि भिंतीवर उगाच एक सायकल. त्यानं मामा-मामीला कौतुकानं ग्रिल चीज सँडविच खाऊ घातलं. निजामोद्दीनांनी पहिला घास तोडला, तर तोंड आणि सँडविच यांच्या मधोमध चीजची एक तार उभी राहिली. त्यांनी हात लांब केला, तार लांब झाली. अजून लांब केला, अजून झाली. ज्या माणसानं अख्खी नोकरी भूमी अभिलेख खात्यात काढली, भोकरपासून देगलूरपर्यंत लोकांच्या बांधावर टेप ताणली, त्याला अशा वेळी एकच प्रश्न पडणार. ही तुटायच्या आधी जाते कुठवर? हात संपला तेव्हा त्यांनी मान मागं केली, आणि स्टुलावरून पडता पडता वाचले.

पण तो झाला साधा शोध. डोक्यात घर करून बसली ती दुसरीच गोष्ट, आणि ती अख्तरीबद्दल होती.

स्टुलावर बसलेल्या अख्तरीपुढं वेटरनं पाण्याचा ग्लास आणून ठेवला, तर ती त्या ग्लासाकडं बघतच राहिली. "मी न सांगता आणलं की ओ ह्यानं," ती हळूच म्हणाली. घरी उलटा कारभार. निजामोद्दीन पहिला घास तोंडात घालून "पाणी" म्हणणार आणि अख्तरी उठणार. मग लोणचं, मग चमचा, मग बेल वाजली म्हणून. लग्न झाल्यापासून ती एका बैठकीत जेवलेली कुणी पाहिली नव्हती. त्या दिवशी मात्र तिनं अख्खं सँडविच बसल्या जागी, गरम असताना खाल्लं. वर आणखी एक नवल घडलं. दुसऱ्याच्या हातच्या खाण्यावर अख्तरीचा निकाल कायमचा ठरलेला आहे: "मीठ कमी हाय." लग्नाची बिर्याणी असो, व्याह्यांच्या घरचं जेवण असो, निकाल तोच. एकदा तिनं तो शीरखुर्म्यालाही दिला होता. जुबेरच्या सँडविचला तिनं तो दिला नाही. बोटं पुसत ती एवढंच म्हणाली, "ह्याच्यात आपलं धुव्याचं गोश्त घातलं तर कसं लागंल ओ?"

आणि ती ते विसरून गेली. निजामोद्दीन विसरले नाहीत.

मग बकरी ईद झाली. नातेवाईकांचा हिस्सा गेला, गरिबांचा गेला, घरचा राहिला. पुण्याचा मुलगा अरीब सुट्टी मिळाली नाही म्हणून आलाच नाही. अख्तरीनं मात्र हात आखडता घेतला नव्हता. तिनं दरवर्षीसारखं गोश्त शिजवून कोरडं केलं, पातेल्याच्या मधोमध वाटीत लाल निखारा ठेवला, त्यावर तुपाची धार सोडली आणि झाकण दाबून धुवा आत कोंडला. दोन माणसांच्या घरात ते धुव्याचं गोश्त किती दिवस पुरावं? फ्रिज उघडला की डबा, बंद केला तरी वास. लाइट जाण्याचे दिवस, म्हणजे फ्रिजचाही भरवसा नाही.

अशात एका सकाळी अख्तरी देगलूरला निघाली. काम होतं दगड आणायचं.

हा दगड म्हणजे तिच्या आईनं जहेजात, म्हणजे लग्नातल्या आंदणात, दिलेली काळ्या पाषाणाची लादी. निखाऱ्यावर ती तापवायची आणि तिच्यावर गोश्ताचे पातळ तुकडे भाजायचे. ईदला बहिणीनं मागून नेला होता, तो परत आणायचा. "मी संध्याकाळपर्यंत येते. डब्यातलं गोश्त संपवा. रोटी करून ठेवलीय, गरम करून घ्या," असं बजावून ती गेली. ऑटोचा आवाज लांब गेला तसे निजामोद्दीन पातळ अंगाचे असूनही छाती काढून घरात उभे राहिले. आज अख्तरी दमून परत येईल, तेव्हा तिच्यापुढं तिच्याच धुव्याच्या गोश्ताचं गरम चीज सँडविच ठेवायचं आणि तिला उठू द्यायचं नाही. साऱ्या संसारात तिला कुणी आयतं गरम करून वाढलं नव्हतं. हे त्यांना इतक्या उशिरा सुचलं याची थोडी लाजही वाटली.

खाली तळमजल्यावर विरूपाक्षअप्पांचं किराणा दुकान आहे. अप्पा मूळचे उदगीरकडचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि सध्या बिल्डिंगच्या सोसायटीचे अध्यक्ष.

"चीज द्या अप्पा. तार निघणारं."

"तार? एकतारी का दोनतारी?"

"गुलाबजामचा पाक न्हाई करून राहिलो. चीज. खाताना लांब होतं ते."

अप्पांनी काउंटरवर तीन जाती मांडल्या. पातळ पानांची, चौकोनी वड्यांची आणि पिझ्झ्यावर किसून घालायची. तार कुठली देते हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण आता त्यांनाही ते कळायला हवं होतं. दुकानात आलेल्या एका बाईनं सांगितलं की पानं घ्या. दुसरीनं सांगितलं की पानं प्लॅस्टिकसारखी लागतात. दाढी करून परत निघालेल्या एका गृहस्थांनी मुळात चीज हे म्हशीचं असतं की गाईचं, असा मुद्दा काढला आणि त्यावर बराच वेळ गेला.

"आत काय घालणार?" अप्पांनी विचारलं.

निजामोद्दीनांनी विभूतीकडं बघितलं. "भाजी," ते म्हणाले.

"मग बटाटा घाला. मी सांगतो ना, बटाटा. पण तार आली तर कळवा हां मला."

तिन्ही जाती आणि मोठा ब्रेड घेऊन निजामोद्दीन वर आले. जुबेरला फोन लावला तर तो म्हणाला, "सोप्पं हाय मामू. मशिनमध्ये ठेवायचं, झाकण दाबायचं." मशीन नसेल तर काय, हे विचारेपर्यंत त्याच्याकडं गिऱ्हाईक आलं.

आता अख्तरीच्या स्वयंपाकघरात निजामोद्दीनांचा वावर पाहुण्यासारखा. काडेपेटी शोधण्यात, मग गॅसला लायटर असतो हे आठवण्यात, मग लायटर शोधण्यात वेळ गेला. त्यांनी रोटीचा तवा ठेवला, त्यावर ब्रेड, त्यावर गोश्त, चीज, पुन्हा ब्रेड. खालचा ब्रेड काळा झाला तरी वरचं चीज फ्रिजमधून आल्यासारखंच होतं. उलटायला गेले तर ब्रेड तव्यावर राहिला, चीज बर्नरमध्ये गेलं आणि गोश्त ओट्यामागं. बर्नरनं पिवळी जीभ काढली. त्यांनी गॅस बंद केला, तवा बादलीत बुडवला, तर तव्यानं एवढा मोठा सुस्कारा सोडला की ते दोन पावलं मागं सरकले.

वासावर शेषेराव आले. ते यायचेच.

शेषेराव समोरच्या दारात राहतात. रिटायर हेडमास्तर. त्यांची बायको साखराबाई माळकरी, घरात कांदा-लसूणसुद्धा जपून. शेषेरावांना माळ नाही, पण घरात माळ असल्यावर नवऱ्याच्या जिभेलाही ती आपोआप पडते. दोन्ही घरांचं मात्र सख्य असं की बायकांमध्ये एक स्टीलचा डबा वर्षानुवर्षं फिरतो. तो मूळचा कुणाचा, हे आता दोघींनाही सांगता यायचं नाही. साखराबाई त्यात पुरणपोळी पाठवतात. रिकामा डबा परत द्यायची रीत नाही, म्हणून अख्तरी त्यात शेवया घालून पाठवते. मग तो शेंगाची चटणी घेऊन येतो. अशानं तो डबा कुठल्याच घरात घासून पालथा पडत नाही. त्यात आजवर गोश्ताचा कण गेलेला नाही. याचा निजामोद्दीनांना मोठा अभिमान.

"काय जाळून राहिले निजामभाई?" शेषेरावांचं लक्ष ओट्यावरच्या गोश्ताच्या डब्यावर.

निजामोद्दीनांनी सगळं सांगितलं. तार सांगितली, अख्तरीचा ग्लास सांगितला. शेषेरावांनी डब्यातला एक तुकडा चवीपुरता उचलला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आमच्या घरी मशीन हाय की सँडविचचं. सुनबाईनं दिलेलं. ही भजनाला गेलीय, आणू का?"

"तोबा! वहिनींच्या मशिनमध्ये गोश्त? नाव नका काढू."

"बरं. मग दगड?" दुसरा तुकडा तोंडात गेला. "तुम्ही दगडावर भाजता ना? एक खाली, एक वर. दोन्ही बाजूनं एकदम शेकतं. मशीन म्हणजे तरी दुसरं काय?"

हा विचार निजामोद्दीनांना इतका पटला की आपल्याला आधी का सुचला नाही म्हणून ते क्षणभर नाराज झाले. दगड देगलूरला होता. पण गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली, बाथरूमच्या कामातून उरलेले शहाबादी फरशीचे तुकडे पडले होते. ज्यानं आयुष्यभर हद्दीचे दगड रोवले त्यानं दगड-दगडात भेद करावा तरी किती? सपाट हाय, जड हाय, घरचा हाय. झालं.

गच्चीच्या दाराशी एक पाटी आहे. 'गच्चीवर जाळ, फटाके व तत्सम प्रकार करण्यास सक्त मनाई आहे.' ही पाटी निजामोद्दीनांनीच, सोसायटीचे सचिव असताना लावली होती. कारण शेषेराव तिथं कणसं भाजत.

"माझ्या कणसाच्या वेळी तुमचा कायदा लई कडक होता," शेषेराव पाटी वाचत म्हणाले.

"जाळ म्हणजे ज्वाळा. आपण निखारे करून राहिलो," असा निजामोद्दीनांनी आपल्याच नियमाचा खुलासा दिला आणि शेगडीत कोळसे भरले.

ऊन असं होतं की शेगडी न पेटवताही चाललं असतं. गच्चीच्या पलीकडल्या अर्ध्या भागात साखराबाईंनी जुन्या नऊवारीवर गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. शुभ्र, गोल, ओळीनं. गहू भिजवण्यापासून चिकापर्यंतचा खटाटोप, आणि ती सगळी वर्षाची बेगमी. निजामोद्दीनांनी शेगडी मुद्दाम लांब, टाकीजवळ मांडली. फरशीचे दोन तुकडे फडक्यानं पुसले. टाकी गळते आणि ती फरशी अख्खा हंगाम ओलीत पडून आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. एक तुकडा निखाऱ्यावर ठेवला, त्यावर सँडविच, वर दुसरा तुकडा, त्याच्यावर थोडे निखारे. गोश्ताचा डबाही ऊब राहावी म्हणून शेगडीला टेकवून ठेवला. शेषेराव टाकीच्या सावलीत बसून चव बघून राहिले. प्रत्येक तुकड्यानंतर "मीठ बरोबर हाय" असा दाखला देत होते.

"आता वास यायला लागला," निजामोद्दीन वाकून म्हणाले. "चीज पाघळलं बघा. टेप काढा शेषेराव, तार मोजायची..."

आणि फरशी उडाली.

आवाज असा झाला की खालच्या दुकानात बसलेल्या विरूपाक्षअप्पांनी आधी मेन स्विच बंद केला आणि मग देवाचं नाव घेतलं. गच्चीवर काही वेळ राखच राख होती. राख बसली तेव्हा निजामोद्दीन फतकल मारून बसलेले, टोपी मागं पडलेली. शेगडी आडवी. गोश्ताचा डबा पालथा, त्यातलं सगळं कोळशात आणि राखेत. शेषेरावांच्या मिशीला चीजची एक छोटी तार लोंबत होती. ती किती लांब होती हे बघायचं त्या वेळी कुणाला सुचलं नाही.

"लागलं का ओ कुठं?"

"न्हाई. तुम्हाला?"

"न्हाई."

मग दोघांनी एकदमच पलीकडं बघितलं. फरशीची एक कपची, तिच्यावर चिकटलेलं चीज आणि चीजमध्ये एक धुव्याचा तुकडा, असं सगळं मिळून साखराबाईंच्या नऊवारीवर, कुरडयांच्या ऐन मधोमध जाऊन बसलं होतं.

फुटलेली फरशी, गेलेलं गोश्त, काळा तवा, काही काही निजामोद्दीनांना आठवेना. तो एक स्टीलचा डबा डोळ्यांपुढं फिरायला लागला.

"उचला आणि टाका खाली," शेषेराव कुजबुजले. "कुणी बघितलं न्हाई."

"मी बघितलं."

"तुम्ही काय सांगायला जाणार हाव का तिला?"

"सांगणार."

"अहो, वर्षभर मी खाणार त्या कुरडया! मला चालतंय!"

"तुम्हाला चालतंय हो. वहिनींना चालतंय का?"

निजामोद्दीन उठले, टोपी घातली आणि मोजणीची टेप घेतली. माणूस घाबरला की हाताला सवय असलेलं काम करतो. त्यांनी कपची हलवली नाही. तिच्या चारही बाजूंना राखेचे, चीजचे शिंतोडे कुठवर गेलेत ते वाकून वाकून तपासलं, सगळ्यात लांबचा शिंतोडा धरला, त्याच्या पलीकडं वीतभर जागा संशयाचा फायदा म्हणून सोडली, आणि कोळशानं नऊवारीच्या काठावर खुणा केल्या. शेषेराव टेपचं दुसरं टोक धरून, मिशी पुसत, हेडमास्तरांना शोभेल अशा गंभीर चेहऱ्यानं उभे होते. विरूपाक्षअप्पा धापा टाकत वर आले तेव्हा गच्चीवर चाललेला हा प्रकार बघून त्यांना वाटलं, जमिनीचा काही वाद आहे.

"हे काय? स्फोट कशाचा झाला?"

"फरशीचा. ओली होती, आतल्या पाण्याची वाफ झाली."

अप्पांनी शेगडी बघितली, पाटी बघितली, निजामोद्दीनांकडं बघितलं. "निजामभाई, अर्ज द्यायचा होता."

"नियमात अर्ज कुठंय? सरळ मनाईच हाय. मीच लिहिलंय."

"मग मनाईतून सूट मिळण्याचा अर्ज. अध्यक्षाकडं."

"अध्यक्ष तुम्ही. दिली असती सूट?"

"नामंजूर केला असता. पण आता अर्जच न्हाई, तर मी नामंजूर करू काय?" अप्पांना खरंच अडचण पडली होती. मग त्यांना काही आठवलं. "आणि ते बटाट्याचं करून राहिले होते ना तुम्ही? बटाटा असा काळा?"

निजामोद्दीनांनी मान खाली घातली. खात्यात असताना त्यांनी भल्या भल्या पाटलांना तोंडावर सांगितलं होतं की बांध तुम्ही सरकवलाय. आज किराणा दुकानदारापुढं त्यांना एका बटाट्याचा हिशेब देता येईना. "बटाटा नव्हता अप्पा. चूक झाली," ते म्हणाले. अप्पा "शिव शिव" म्हणत जिन्याच्या दारापर्यंत मागं गेले. खाली मात्र गेले नाहीत. पुढं काय होतंय ते त्यांना बघायचं होतं.

उन्हं कलली आणि साखराबाई कुरडया उलटायला वर आल्या. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. त्यांनी तिघांकडं बघितलं आणि नऊवारीकडं बघितलं. कुणी काही बोलायच्या आत निजामोद्दीन पुढं झाले.

"वहिनी, माझ्या हातून लई वाईट झालं. तुमच्या कुरडयांत गोश्त उडालं. शिंतोडे जिथवर गेलेत तिथवर खुणा केल्यात. खुणेच्या बाहेर एक कण गेला न्हाई, हे मी मोजून सांगतो. पण तुम्ही म्हणाल तर सगळं लुगडं उचलतो, नवा गहू आणतो, तुम्ही म्हणाल तसं."

साखराबाई खुणेच्या कडेला उकिडव्या बसल्या. मग त्यांनी विचारलं ते भलतंच. "पण भाऊजी, हे करून काय राहिले होते तुम्ही? उन्हात? गच्चीवर?"

निजामोद्दीनांनी सांगितलं. लातूर सांगितलं, चीज सांगितलं. शेवटी म्हणाले, "अख्तरीला बसवून खाऊ घालायचं होतं. गरम. ती कधी बसून खातच न्हाई वहिनी. मीच उठवतो तिला."

साखराबाईंनी पदरानं उगाच कपाळ पुसलं, त्यात बुक्का पसरला. मग त्या उठल्या. "खुणेच्या आतल्या तेवढ्या काढून घ्या. बाहेरच्या चांगल्या हाईत. तुमच्या मोजणीवर आजवर कुणी अपील केलं न्हाई, मी कशाला करू?" आणि नवऱ्याकडं वळून, "काढलेल्या तुम्ही खा. वर्षभर. आणि मिशीचा धुवा पुसा अगोदर. दर ईदला येतोय वास, मला काय नाक न्हाई का?"

शेषेरावांनी इतकी वर्षं जपलेलं गुपित असं चारचौघांत निघालं आणि ते एकदम टाकीचा व्हॉल्व्ह तपासायला लागले.

निजामोद्दीनांच्या जिवावरचं ओझं उतरलं खरं, पण त्याच दमात दुसरं चढलं. डब्यात आता गोश्त नव्हतं. अख्तरीचा प्रश्न होता, धुव्याचं गोश्त घातलं तर कसं लागेल, आणि ते सगळं राखेत होतं. फ्रिजमध्ये चीज होतं, ब्रेड होता. त्याचं साधं सँडविच तर जुबेरनंही दिलं होतं. अंधारून यायच्या आत ती येणार, दमलेली, आणि पदर खोचून सगळ्यांसाठी पिठलं-रोटी करायला लागणार.

जिन्यात धाप ऐकू आली. खाली घराला कुलूप बघून अख्तरी सरळ वर आली होती. बगलेत गाठोडं, बुरख्यावर बसची धूळ, आणि तोंड चालू. "ह्या दगडापायी बसमध्ये सगळ्यांनी विचारलं, काय हाय त्यात, काय हाय त्यात. एक म्हातारा म्हणतो, देव हाय का? कंडक्टर म्हणतो, मांडीवर घ्या. आख्खी वाट मांडीवर घेऊन आले." तिनं गाठोडं धपकन ठेवलं. "आणि आपली बहीण बघा! म्हणे दगड रिकामा कसा द्यायचा? रीत हाय म्हणे. तिच्या घरचं उरलेलं धुव्याचं गोश्त बांधलं त्याच्यावर! इथं आपलंच संपेना, फ्रिज उघडावं वाटेना, आणि हिनं अजून देऊन ठेवलं. कोण खाणार ओ हे? सांगा, कोण खाणार?"

निजामोद्दीन त्या गाठोड्याकडं असे बघत होते की अख्तरी बोलता बोलता थांबली. तिनं आडवी शेगडी बघितली, राख बघितली, कोळशाच्या खुणा, जिन्याच्या दारातले अप्पा, व्हॉल्व्ह धरून बसलेले शेषेराव.

"क्या हुआ जी?"

"तू बस," निजामोद्दीन म्हणाले.

"काय बस? हे कुणी सांडलं? सरका, मी झाडते."

"अख्तरी, बस म्हणतो ना."

तिनं साखराबाईकडं बघितलं. साखराबाईंनी आपल्या कोपऱ्यातला, बायका बसतात तो पाट उचलून तिच्यामागं ठेवला. "बसा आपा," त्या म्हणाल्या. "मी बी इथं बसते, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. मला बघायचंय." अख्तरी बसली, पण अशी, की हाक येताच उठता यावं.

शेगडी उभी झाली, खालून चीज, ब्रेड, तांब्या आणि ताटली आली. अप्पांनी दारातूनच जाहीर केलं की आपण आज गच्चीवर आलोच नव्हतो, आणि कोळसे कमी वाटतात. काळा दगड निखाऱ्यावर बसला. तो शांतपणे तापला, कुरकुर केली नाही. निजामोद्दीनांनी ब्रेड ठेवला, बहिणीच्या घरचं गोश्त पसरलं, कुठल्या चीजला तार येते हे अजून ठरलं नव्हतं म्हणून तिन्ही जाती घातल्या, वर ब्रेड, त्यावर दाबायला तवा नव्हता म्हणून पाण्यानं भरलेला तांब्या. चारी बाजूंनी सल्ले सुरू झाले. अख्तरीचा हात तीनदा पुढं आला आणि तीनदा साखराबाईंनी तो धरून मागं घेतला. पहिलं सँडविच एका बाजूनं काळं झालं, ते शेषेरावांकडं गेलं. दुसरं तांबूस उतरलं.

निजामोद्दीनांनी ते ताटलीत ठेवून अख्तरीपुढं धरलं.

अख्तरीनं घास तोडला. तार निघाली. हात लांब गेला, तार लांब गेली, संध्याकाळच्या उजेडात चमकत अजून लांब गेली. "टेप! निजामभाई, टेप!" शेषेराव ओरडले. अप्पा दारातून दोन पावलं आत आले. टेप निजामोद्दीनांच्या खिशातच होती, पण त्यांचा हात तिकडं गेलाच नाही. ते अख्तरीच्या तोंडाकडं बघत होते. तार तुटली, किती झाली ते कुणालाच कळलं नाही.

अख्तरी चावत राहिली. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. ती आता पाटावर नीट मांडी घालून बसली होती, पाठ भिंतीला टेकलेली. अर्धं झाल्यावर तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"अजी," ती म्हणाली, "पाणी आणा."

तांब्यातलं पाणी तापलं होतं, ते देता येण्यासारखं नव्हतं. निजामोद्दीन ताडकन उठले. साखराबाई कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "तहान तर मला बी लागलीय," आणि शेषेराव काळं सँडविच तोंडात तसंच धरून उभे राहिले. दोघं रिटायर गृहस्थ एकदमच जिन्याच्या दारात घुसले, अप्पांना बाजूला सारून दोन दोन पायऱ्या उतरायला लागले. ते पहिल्या वळणावर असतील नसतील, तोच वरून अख्तरीचा आवाज आला.

"आणि येताना मीठ आणा! कमी हाय!"